आडवाटेला लागलेली साखर

"अरे, ब्लॉकेज नाही म्हणतात, मग दम का लागतो मला?"

मागच्या दिवाळीत बाबांनी हा प्रश्न विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबांना सोळा वर्षांपासून डायबेटिस आहे. आमच्या घरात त्याला 'शुगर' म्हणतात, जणू ती घरातलीच कुणी वयस्कर व्यक्ती आहे. "शुगर काय म्हणतेय?" असं मावशी फोनवर विचारते आणि आई "बरी आहे, जरा वाढली होती मध्ये" असं उत्तर देते. :)

तर झालं असं, की बाबा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले. आधी "किल्ली शोधत होतो" वगैरे कारणं सांगून झाली. मग आईने माझ्याकडे तक्रार केली आणि तपासण्यांचं चक्र सुरू झालं. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. आम्ही हुश्श केलं. पण टू-डी एको बघून डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू थोडा ताठर झालाय, ठोक्यानंतर हवा तसा सैल पडत नाही. का झालं? "शुगरमुळे होतं असं."

आता माझा धंदा सॉफ्टवेअरचा. ॲप्लिकेशन स्लो का चाललंय असं विचारल्यावर कुणी "नेटवर्कमुळे होतं असं" म्हणालं, की आपण लगेच सावध होतो. नेटवर्कमुळे म्हणजे नक्की कशामुळे? लॉग कुठे आहेत? बाबांच्या बाबतीत मात्र मी "शुगरमुळे" एवढ्यावर मान डोलावून घरी आलो होतो. ते मनाला लागलं. म्हणून गेले चार वीकेंड मी हे लॉग उघडून बसलो होतो. त्यातून बरेच संशयित निघाले, पण एका एन्झाइमची गोष्ट अशी सापडली की ती सांगितल्याशिवाय राहवेना. (मी डॉक्टर नाही. बारावीनंतर केमिस्ट्रीशी संबंध संपला तो संपलाच. हे वाचून कुणी गोळ्या बदलू नयेत.)

सुरुवात बाबांच्या प्रश्नापासूनच करतो, कारण तो प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच विचारून झाला आहे.

१९७२ साली अमेरिकेत शर्ली रुबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटासा पेपर छापला. त्यात फक्त चार रुग्ण होते. चौघांनाही डायबेटिस होता आणि चौघेही हृदय निकामी होऊन गेले होते. शवविच्छेदनात हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये म्हणावे तसे अडथळे सापडले नाहीत. ब्लडप्रेशर, दारू, झडपांचा आजार अशी नेहमीची कारणंही लागू पडेनात. मग बिघडलं काय? त्यांनी मांडलं, की डायबेटिस रक्तवाहिन्यांना सोडून थेट हृदयाच्या स्नायूलाच इजा करत असावा. त्याला पुढे 'डायबेटिक कार्डिओमायोपथी' असं भारदस्त नाव पडलं.

चार रुग्णांवरून काय सिद्ध होतं, असं कुणीही म्हणेल. पण दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, फ्रेमिंगहॅमचे आकडे आले. फ्रेमिंगहॅम हे बॉस्टनजवळचं एक गाव. तिथल्या ५,२०९ लोकांच्या तब्येतीची नोंद १९४८ पासून ठेवली जात होती. त्यात दिसलं, की डायबेटिस असलेल्या पुरुषांमध्ये हार्ट फेल्युअरचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आहे आणि बायकांमध्ये तर सुमारे पाचपट. ब्लडप्रेशर, वजन, कोलेस्टेरॉल, आधीचा हृदयविकार हे सगळं हिशोबात धरून वजा केलं तरी फरक उरतोच. म्हणजे बग खरा होता. आता तो कोडमध्ये नेमका कुठे आहे हे शोधायचं होतं.

आणि गंमत म्हणजे संशयितांपैकी एक तोवर दुसऱ्याच गुन्ह्यासाठी पकडला गेला होता. :)

त्याचं नाव आल्डोज रिडक्टेज. त्याचा शोध डायबेटिसचा अभ्यास करताना लागलेलाच नाही. १९४० च्या दशकात केंब्रिजच्या थॅडियस मान यांनी दाखवलं होतं, की वीर्यात जी साखर असते ती ग्लुकोज नसून फ्रुक्टोज असते. शुक्रजंतूंचं इंधन ते. पण रक्तात तर ग्लुकोज फिरतं. मग हे फ्रुक्टोज येतं कुठून? बेल्जियमच्या हेन्री-जेरी हेर्स यांनी १९५६ मध्ये उत्तर दिलं. वीर्य तयार करणाऱ्या ग्रंथींमध्ये दोन पायऱ्यांचा एक रस्ता आहे. पहिल्या पायरीवर आल्डोज रिडक्टेज ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करतं. दुसऱ्या पायरीवर दुसरं एन्झाइम सॉर्बिटॉलचं फ्रुक्टोज करतं. (सॉर्बिटॉल म्हणजे तेच, जे शुगर-फ्री च्युइंगमच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.) या रस्त्याला पॉलिऑल मार्ग म्हणतात.

ज्यांची रोज हिंजवडीला ये-जा असते त्यांना हा रस्ता पटकन समजेल. पेशीत शिरलेल्या साखरेचा एक हमरस्ता असतो. तिथे ग्लुकोज आत आल्याआल्या हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला धरतं, फॉस्फेटचा शिक्का मारतं आणि पुढे ऊर्जा तयार करायला पाठवतं. हे एन्झाइम फार चपळ. थोडंसं ग्लुकोज असलं तरी ते पकडतं. आल्डोज रिडक्टेज म्हणजे बाजूची गावातली गल्ली. त्याची ग्लुकोजवरची पकड अगदी ढिली. साखर नेहमीच्या पातळीत असेल तर गल्लीत फारसं कुणी वळत नाही. जेमतेम ३ टक्के ग्लुकोज तिकडून जातं असा अंदाज आहे. पण साखर वाढली की हमरस्ता तुंबतो आणि गाड्या गल्लीत घुसतात. काही पेशींमध्ये मग ३० टक्क्यांच्या आसपास ग्लुकोज या आडवाटेने जायला लागतं. गल्ली तीच, लोकही तेच, फक्त तिच्या बापजन्मी न पाहिलेला ट्रॅफिक.

या गल्लीचा पंचनामा पहिल्यांदा झाला तो डोळ्यात. १९५९ मध्ये ऑक्सफर्डच्या रूथ व्हॅन हेनिंगेन यांना डायबेटिस झालेल्या उंदरांच्या डोळ्यांतल्या भिंगात सॉर्बिटॉल साठलेलं सापडलं. डायबेटिसमध्ये मोतीबिंदू लवकर होतो हे माहीत होतं, पण का होतो हे माहीत नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या जिन किनोशिता यांनी १९६० च्या दशकात त्याचं सुटसुटीत स्पष्टीकरण मांडलं. सॉर्बिटॉल पेशीच्या भिंतीतून सहज बाहेर पडत नाही. आत साठत जातं. साठलं की पाणी ओढून घेतं. पेशी फुगते, तिचे क्षार इकडचे तिकडे होतात आणि शेवटी काचेसारखं भिंग गढूळ होतं. उंदरांना गॅलॅक्टोज ही वेगळी साखर खूप खायला घातली तर मोतीबिंदू आणखी झपाट्याने येतो, कारण तिच्यापासून बनणारा पदार्थ दुसऱ्या पायरीवरून पुढे जाऊच शकत नाही. गल्लीचं दुसरं टोक बंद! पुरावा इतका नेटका होता की कुणालाही वाटावं, केस संपली.

१९६६ मध्ये केनेथ गॅबे आणि सहकाऱ्यांनी हीच आडवाट मज्जातंतूंमध्ये दाखवली. डायबेटिस झालेल्या प्राण्यांच्या नसांमध्येही सॉर्बिटॉल साठत होतं. पाय बधिर होणं, तळव्यांची आग होणं, याचा धागा मिळाला असं वाटलं. डोळा, नस, मूत्रपिंड, सगळीकडे एकच आरोपी. एक एन्झाइम बंद करा, डायबेटिसचे सगळे दुष्परिणाम बंद. रक्तातली साखर भले वाढलेली असो! औषध कंपन्यांना यापेक्षा गोड स्वप्न कुठलं पडणार?

आणि इथून या गोष्टीचा जो भाग सुरू होतो तो प्रत्येक इंजिनिअरने वाचावा असा आहे. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळं चालतं आणि प्रॉडक्शनला गेलं की आडवं होतं, त्याची ही कथा.

१९७० च्या दशकापासून एकामागून एक औषधं आली. उंदरांमध्ये निकाल बघण्यासारखे. डायबेटिस असूनही भिंग स्वच्छ, नसा शाबूत. माणसांमध्ये सॉर्बिनिल नावाच्या औषधाची मोठी चाचणी झाली, ती डोळ्याच्या पडद्यासाठी. डायबेटिस असलेले ४९७ रुग्ण, तीन-साडेतीन वर्षांचा पाठपुरावा. १९९० मध्ये निकाल छापून आला: पडद्याचा आजार वाढण्यात म्हणावा असा फरक नाही. वर सुमारे ७ टक्के लोकांना ॲलर्जीचा त्रास. टोलरेस्टॅट हे दुसरं औषध काही देशांत बाजारातही आलं होतं. यकृताला गंभीर इजा झाल्याच्या आणि त्यातून मृत्यू ओढवल्याच्या घटनेनंतर ते १९९६ मध्ये मागे घेतलं गेलं. झेनारेस्टॅट मूत्रपिंडाच्या त्रासापायी थांबलं. बाजारात टिकून राहिलं ते जपानचं एपालरेस्टॅट. १९९२ पासून ते तिथे नसांच्या त्रासासाठी वापरात आहे आणि आपल्याकडेही त्याच कारणासाठी मिळतं. बाबांच्या गोळ्यांच्या डब्यात ते नाही. मी उघडून पाहिला.

माणसांमध्ये का फसलं? कारणं अनेक आहेत, पण एक मला फार बोलकं वाटलं. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या (ज्याला इंग्रजीत रॅट म्हणतात) भिंगात आल्डोज रिडक्टेज भरपूर असतं. छोट्या उंदराच्या, म्हणजे माऊसच्या भिंगात अगदी कमी, त्यामुळे डायबेटिस होऊनही त्याला असा मोतीबिंदू सहसा होत नाही. माणसाच्या भिंगातही ते रॅटपेक्षा बरंच कमी. म्हणजे ज्या मशीनवर टेस्ट केलं त्याचं कॉन्फिगरेशनच वेगळं होतं! शिवाय रॅटची चाचणी काही आठवड्यांची किंवा महिन्यांची. माणूस मात्र पंधरा-वीस वर्षं साखर अंगावर काढून मग औषधाकडे येतो. तोवर गल्लीतली घरं पडून गेलेली असतात. त्यानंतर 'जड वाहनांस प्रवेश बंद' अशी पाटी लावून उपयोग काय?

असो. आता हृदयाकडे येतो, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

या कथेत हृदय उशिरा आलं आणि त्याला कारणं होती. भिंग, नस, मूत्रपिंड यांच्या पेशींमध्ये ग्लुकोज इन्सुलिनची वाट न बघता शिरतं. रक्तात जितकी साखर, तितकी आत. हृदयाच्या स्नायूत मात्र साखरेचा मोठा दरवाजा इन्सुलिनच्या तालावर उघडतो. त्यात हृदयाचं नेहमीचं मुख्य इंधन चरबी, साखर नव्हे. मग सॉर्बिटॉल साठून हृदय फुगतं म्हणावं तर ते पटत नाही. पाणी ओढण्याची थिअरी इथे अपुरी पडते.

उलगडा झाला तो गल्लीत किती गाड्या साठल्या हे मोजून नव्हे, तर त्या गाड्यांनी टोल किती भरला हे बघून.

आल्डोज रिडक्टेज फुकट काम करत नाही. ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करताना ते दर वेळी एनएडीपीएच नावाचा एक रेणू खर्च करतं. हा रेणू पेशीला दुसऱ्या महत्त्वाच्या कामासाठी हवा असतो. ग्लुटाथायोन नावाचं पेशीचं जे गंजरोधक आहे ते पुन्हा ताजं करण्यासाठी. टोल इकडे गेला की गंजरोधक कमी पडतं. दुसऱ्या पायरीवर सॉर्बिटॉलचं फ्रुक्टोज होताना एनएडी नावाचा रेणू वापरला जाऊन त्याचं एनएडीएच होतं. आणि हाच एनएडी साखरेच्या हमरस्त्यावरच्या एका नाक्यावर लागतो. म्हणजे आडवाटेवरचा ट्रॅफिक हमरस्त्याच्या नाक्यावरची सुट्टी नाणी पळवतो. मग हमरस्ता आणखी तुंबतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे शेअर्ड रिसोर्सवरून झालेलं भांडण आहे.

एरवी हृदय हे चालवून घेतं. पण हार्ट अटॅकच्या वेळी रक्तपुरवठा तुटतो, ऑक्सिजन संपतो. ऑक्सिजनशिवाय चरबी जाळता येत नाही. अशा वेळी पेशीला जगवणारी जी थोडीफार ऊर्जा असते ती साखरेच्या हमरस्त्यावरूनच येते. नेमक्या त्याच क्षणी नाक्यावर सुट्टे पैसे नाहीत!

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षात दिसलं १९९७ मध्ये. रविचंद्रन रामस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅटची हृदयं शरीराबाहेर धडधडत ठेवली, त्यांचा पुरवठा काही काळ तोडला आणि परत सुरू केला. काही हृदयांना आधी झोपोलरेस्टॅट हे आल्डोज रिडक्टेज रोखणारं औषध दिलं होतं. औषध दिलेल्या हृदयांना इजा कमी झाली, त्यांच्यात ऊर्जेचा साठा चांगला टिकला. गंमत म्हणजे डायबेटिस नसलेल्या हृदयांनाही फायदा झाला. २००४ मध्ये उलट बाजूने प्रयोग झाला. माऊसमध्ये हे एन्झाइम मुळात कमी असतं हे वर आलंच आहे. त्यांच्यात माणसाचा जीन घालून ते वाढवलं, तर पुरवठा तोडल्यावर त्यांच्या हृदयाला जास्त इजा झाली. कमी केलं की बरं, वाढवलं की वाईट. इंजिनिअरला यापेक्षा जास्त काय हवं?

इथवर वाचून रविवारी रात्री मी बाबांना फोन करणार होतो. "बाबा, सापडला!" बरं झालं केला नाही.

कारण पुढच्याच वीकेंडला २००२ सालचा एक पेपर हाती लागला. हृदयाबद्दल एक चमत्कारिक गोष्ट डॉक्टरांना आधीपासून माहीत होती. हृदयाचा पुरवठा काही मिनिटं तोडून परत दिला, असं दोन-चारदा केलं, तर ते एक-दोन दिवसांनी येणाऱ्या मोठ्या धक्क्याला जास्त चांगलं तोंड देतं. जणू आधी थोडा सराव झालेला असतो. अमेरिकेतल्या लुईव्हिलचे रॉबर्टो बोली, अरुणी भटनागर आणि सहकारी यांनी सशांमध्ये दाखवलं, की या सरावात आल्डोज रिडक्टेज वाढतं. आणि ते औषधाने बंद पाडलं, तर सरावाचा फायदाच निघून जातो! कारण या एन्झाइमची दुसरी नोकरी सफाईची आहे. इजा झालेल्या पेशीत चरबी खवट होते आणि त्यातून आल्डिहाइड नावाचे विषारी पदार्थ बनतात. आल्डोज रिडक्टेज त्यांना निकामी करतं. या कामात त्याची पकड ग्लुकोजसारखी ढिली नसते, चांगली घट्ट असते. मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात, जिथे क्षार प्रचंड असतात, तिथे पेशी मुद्दाम सॉर्बिटॉल साठवतात, पाणी धरून ठेवून स्वतः आक्रसू नये म्हणून. जो गुण भिंगात शाप ठरतो तोच इथे वरदान.

म्हणजे ज्याला पन्नासेक वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं तो मूळचा सफाई कामगार निघाला. साखरेचा ट्रॅफिक त्याच्या दारात सोडला आपण. जुन्या सिस्टीममधलं एखादं फंक्शन 'हे कशाला आहे' म्हणून कमेंट करून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी भलताच मॉड्यूल कोसळला, हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही?

तरीही प्रयत्न थांबले नाहीत, आणि थांबू नयेतच. २००४ मध्ये झोपोलरेस्टॅटची माणसांवरची एक छोटी चाचणी छापून आली. नसांचा त्रास आणि हृदयाच्या कामात थोडी गडबड असलेले डायबेटिसचे ८१ रुग्ण, एक वर्ष. औषध घेणाऱ्यांच्या हृदयाचं व्यायामाच्या वेळचं पंपिंग थोडं सुधारलं, इतरांचं घसरलं. मग बऱ्याच वर्षांनी कॅफिक्रेस्टॅट हे नवं औषध आलं. जुन्यांपेक्षा नेमकं, म्हणजे या एन्झाइमच्या भाऊबंदांना न छेडता त्यालाच रोखणारं. त्याची चाचणी अगदी बाबांसारख्यांवर झाली: टाइप २ डायबेटिस, हृदयात बदल सुरू झालेले, पण उघड हार्ट फेल्युअर नाही. एकूण ६९१ लोक. पंधरा महिन्यांत त्यांची व्यायाम करण्याची क्षमता टिकते का, हे बघायचं होतं. २०२४ च्या जानेवारीत निकाल जाहीर झाला. औषध घेणाऱ्यांची क्षमता जवळपास जागेवर राहिली, न घेणाऱ्यांची किंचित घसरली, पण हा फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. चाचणी नापास. डायबेटिसची काही नवी औषधं न घेणाऱ्या गटात फायदा जरा जास्त दिसला, पण मुख्य पेपरात नापास झाल्यावर एका प्रश्नाच्या मार्कांवर पास करता येत नाही. त्यासाठी वेगळी चाचणीच हवी.

हेर्सपासून मोजलं तर ६८ वर्षं. रसायनशास्त्र चोख, उंदीर खूश, आणि माणसाच्या हृदयासाठी गोळी अजून नाही.

मधल्या काळात मदत भलत्याच दिशेने आली. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाच्या मोठ्या चाचणीचा निकाल लागला. हे औषध पेशीतल्या कुठल्याच गल्लीत शिरत नाही. ते मूत्रपिंडात साखर परत रक्तात घेण्याचा दरवाजा अडवतं, म्हणजे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर जाते. डायबेटिस आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांमध्ये हार्ट फेल्युअरमुळे हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण त्याने ३५ टक्क्यांनी कमी झालं. मी लगेच म्हणणार होतो, बघा, ट्रॅफिक मुळातच कमी केला की गल्ली वाचते! पण २०१९ मध्ये याच जातीच्या दुसऱ्या औषधाचा फायदा डायबेटिस नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही झाला. म्हणजे तेही इतकं सरळ नाही. शरीर आपल्या उपमांना जुमानत नाही.

जाता जाता आपल्या घरातलं. १९७५ मध्ये शंभू वर्मा आणि किनोशिता यांनी दाखवलं होतं, की फ्लॅव्होनॉइड जातीचे वनस्पतीतले पदार्थ हे एन्झाइम रोखतात. अशा पदार्थांपैकी क्वेरसेटिन कांद्यात असतं. २००५ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी छापलं, की हळद खाल्लेल्या डायबेटिक रॅटना मोतीबिंदू उशिरा येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण आता रॅटच्या भिंगाबद्दल काय वाचलंत ते आठवा, आणि मग 'हळद-कांद्याने डायबेटिस पळवा' हा मेसेज आपल्या फॅमिली ग्रुपवर पुढे ढकलायचा का ते ठरवा. (आमच्या ग्रुपवर तो तीनदा आलाय. तिन्ही वेळा काकांकडून.)

मागच्या शनिवारी घरी गेलो तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. वहीच्या पानावर हमरस्ता काढला, गल्ली काढली, टोल काढला. बाबा पी.डब्ल्यू.डी.मधून निवृत्त झालेत, त्यामुळे रस्त्याचं गणित त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे चूक माझीच. इतकी वर्षं बेसनाचे लाडू खाल्ले."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी उत्तर शोधायला गेलो होतो आणि त्यांच्या हातात आरोपपत्र देऊन बसलो होतो.

"नाही बाबा," मी म्हणालो, "तुमचा स्नायू नेमका याच वाटेने ताठर झाला असं कुणी सांगू शकत नाही. ही एक वाट. चरबीचा भार आहे, बारीक रक्तवाहिन्या आहेत, साखर चिकटून कडक झालेली प्रथिनं आहेत, अजून बरंच आहे. आणि तुम्हाला शुगर निघाली तेव्हा हृदयाचा एको काढा असं कोण सांगत होतं?"

"मग आता करायचं काय?"

"डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, रोजचं चालणं, आणि साखर ताब्यात. गल्ली दुरुस्त करणारी गोळी अजून नाही. पण ट्रॅफिक किती सोडायचा हे थोडंफार आपल्या हातात आहे."

"हे तर डॉक्टर सोळा वर्षं सांगतायत," बाबा म्हणाले. "तू चार आठवडे वाचून तेच सांगितलंस." :)

खरं आहे. फरक इतकाच, की आता 'शुगरमुळे होतं' म्हणजे काय होतं हे आम्हा दोघांना थोडं दिसतंय. बाबा हल्ली दुसऱ्या मजल्यावर थांबले तर किल्ली शोधत नाहीत. "टोल भरतोय" म्हणतात.

आणि एक गोष्ट घरी अजून सांगितलेली नाही, ती इथे लिहून टाकतो. जूनमध्ये कंपनीचा हेल्थ चेकअप झाला. माझं एचबीए१सी ५.९ आलंय. ५.७ च्या पुढे प्री-डायबेटिस धरतात. वय २८, दिवसाला दहा तास खुर्चीत, संध्याकाळी मशीनचा गोड चहा. रिपोर्टची पीडीएफ मी 'नंतर बघू' या फोल्डरमध्ये टाकली होती. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे असा फोल्डर असेल.

रॅट आणि माणूस यांच्यातला फरक वाचताना एक वाक्य मी स्वतःच वर लिहून गेलोय: माणूस पंधरा-वीस वर्षं साखर अंगावर काढून मग औषधाकडे येतो. ते लिहिताना डोळ्यांसमोर बाबा होते. आता परत वाचताना मी आहे.

उद्या रविवार. सकाळी साडेसहाचा गजर लावलाय. बाबा म्हणालेत, "येतोस का चालायला? हळू चालेन मी, पण येईन."